मेहुण्याने पाडलेला उजेड

माझ्या थोरल्या मेहुण्याने ज्याला आपलं संशोधन समजावून सांगितलेलं नाही असा माणूस मालवण तालुक्यात उरलेला नाही, आणि ज्याला ते समजलं असा अजून जन्माला यायचा आहे. देवबागच्या वाळूवर होडी ओढणाऱ्यांना त्याने ते होडी अर्धी पाण्यात असताना सांगितलं. तारकर्लीचा रस्ता विचारायला गाडी थांबवलेल्या पर्यटकांना सांगितलं. रस्ता सांगायचा तेवढा राहून गेला. गॅसचा सिलिंडर घेऊन आलेल्या माणसाला, सिलिंडर खांद्यावरून खाली ठेवायची उसंत न देता सांगितलं. वडिलांच्या वर्षश्राद्धाला आलेल्या भटजींपुढे तर त्याने दर्भाची अंगठी बोटात घालता घालता रेणू म्हणजे काय इथपासून सुरुवात केली. भटजी अनुभवी होते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरं, आता पाणी सोडा." सांगून झालं की तो समोरच्याच्या चेहऱ्याकडे एकदा बघायचा, तिथे काहीही उगवलेलं नाही याची खात्री करून घ्यायचा आणि "जाऊ दे, तुमच्या आवाक्यातलं नाही" असं म्हणून उठायचा. जणू समोरचाच त्याच्या दारात ते ऐकायला ताटकळत उभा होता. मी मालवणच्या एका शाळेत मराठी शिकवतो, त्यामुळे माझ्या बाबतीत हे वाक्य तो आधीच उरकून घेत असे. "मास्तर, तुमचा विषय मराठी, तेव्हा उपयोग नाही, तरी सांगतो."

अठ्ठ्याण्णव साली माझं लग्न झालं तेव्हा तो मुंबईतल्या एका संशोधन संस्थेत पीएच.डी. करत होता. प्रबंध येत्या मार्चमध्ये देणार, असं त्याने मला अक्षता हातात असतानाच सांगितलं. मी नवा जावई, माझा विश्वास बसला. पुढे दर वर्षी तो मार्च येत राहिला आणि प्रबंधाला न भेटता परत जात राहिला. आम्हाला मुलगी झाली, ती चालायला लागली, सासऱ्यांनी होडी विकली, सासरे गेले, सासूबाईंनी देवबागच्या घरामागे दोन खोल्या काढून पर्यटकांना द्यायला सुरुवात केली. एवढं सगळं झालं, फक्त तो मार्च काही उजाडला नाही. "झील काय शिकता?" असं मासळीबाजारात कुणी मुलाबद्दल विचारलं की सासूबाई सांगायच्या, "सूर्याचा शिकता." त्यावर शेजारची बाई कोयता न थांबवता म्हणायची, "सूर्याचा काय शिकूचा असता? उगावता आणि मावळता." सासूबाईंनाही आतून तसंच वाटत असावं, पण त्या बाजूच्या बाईला कधी ते कळू देत नसत.

तो काय शिकत होता ते मी आता सांगू शकतो, कारण मला ते इतक्या वेळा ऐकवण्यात आलं आहे की शाळेतल्या कवितांपेक्षा ते मला जास्त पाठ आहे. छपरावर दिसणाऱ्या निळ्या काचेच्या सोलर प्लेटी सिलिकॉनच्या. माझ्या मेहुण्याला त्यांचा तिटकारा. त्याची प्लेट प्लास्टिकची. एका विशिष्ट प्लास्टिकची शाई करायची, काचेवर तिचा पातळ थर पसरायचा, आणि त्या थराने उजेड पिऊन वीज द्यायची. हे प्लास्टिक म्हणजे लांबच लांब रेणूंच्या साखळ्या. साखळी ताठ असली की तिच्यातल्या इलेक्ट्रॉनला पळायला लांबच लांब अंगण मिळतं, आणि मग तो तांबड्या बाजूचा उजेडसुद्धा पकडतो. साखळी मुरगळली की अंगणात मध्येच कुंपणं पडतात, इलेक्ट्रॉन एकेका तुकड्यात कोंडला जातो आणि फक्त निळ्या बाजूच्या उजेडावर भागवतो. बाकीचा उजेड न पिताच आरपार निघून जातो. म्हणजे रेणूंचा विस्कळीतपणा वाढला की थराचं उजेड पिणं बदलतं. किती बदलतं, का बदलतं, कुठला विस्कळीतपणा बाधतो आणि कुठला नाही, यावर माझ्या मेहुण्याची उमेदीची वर्षं गेली. त्या वर्षांत त्याच्या बरोबरीच्या मुलांनी ट्रॉलर घेतले, घरं बांधली, त्यांची मुलं शाळेत जायला लागली.

दोन हजार तीनच्या सुमारास तो कायमचा घरी आला. मार्गदर्शकांशी भांडण झालं होतं. त्या गृहस्थांचं म्हणणं साधं होतं: साखळ्या एकीला एक लागून शिस्तीत रचल्या की थर उजेड भरपूर पितो, ढीग झाला की कमी पितो. माझ्या मेहुण्याकडे मात्र एका प्लास्टिकचे असे थर होते की क्ष-किरणांनी तपासलं तर आत रचना अशी काहीच नाही, निव्वळ ढीग. आणि तरी ते थर घटाघटा उजेड पीत होते. गुरुजी म्हणाले, थराची जाडी मोजायला चुकलास. याने पुन्हा थर केले, पुन्हा मोजले, पुन्हा तेच. मग गुरुजी म्हणाले, का होतं ते सांग, नाहीतर ते प्रकरण प्रबंधातून काढून टाक. का होतं ते याला सांगता येत नव्हतं आणि काढून टाकणं याच्या रक्तात नव्हतं. तेव्हा सगळ्यात सोपा तिसरा मार्ग त्याने पत्करला आणि भर चर्चासत्रात, विस्कळीतपणा थरात नसून तुमच्या डोक्यात आहे, असं गुरुजींना सुनावलं. दुसऱ्या दिवशी तो मालवणच्या गाडीत बसला. बरोबर एक कॉम्प्युटर, काचेच्या तुकड्यांची खोकी, आणि पोटाशी धरलेली एक सीलबंद कुपी. आतला द्रव एरवी जांभळा, आणि गरम पाण्यात धरला की केशरी व्हायचा. गरम झाल्यावर साखळ्या मुरगळतात म्हणून केशरी, थंड झाल्यावर ताठ होतात म्हणून जांभळा. सासूबाईंच्या चहाच्या टोपात ती कुपी बुडवून त्याने त्यांना हा चमत्कार दाखवला. त्यांनी मन लावून बघितला आणि म्हणाल्या, "रंग बदलता ता कळला, झिला. पण लाईट खंय आसा?"

लाईट कुठे आहे, हा प्रश्न नंतर सगळ्या देवबागने विचारला. ती भारनियमनाची वर्षं होती. वीज असायची त्यापेक्षा नसायची जास्त. गावात सोलरचा शास्त्रज्ञ येऊन बसला आहे म्हटल्यावर चार माणसं आली आणि देवळाकडे एक दिवा लावून दे म्हणाली. त्याने त्यांना बसवलं, सगळं पहिल्यापासून सांगितलं आणि शेवटी, आपल्या थरातून निघते ती वीज दिवा पेटवायला तर सोडाच, मुंगीला चटका द्यायलासुद्धा पुरायची नाही, असं काहीशा अभिमानानेच स्पष्ट केलं. मग बाजारातली प्लेट आणून बसव, असं त्यांनी सुचवलं. त्यावर तो उसळला. दिवे लावणं हे वायरमनचं काम, आपण वायरमन नाही. वायरमनही नाही हे आम्हाला चांगलं ठाऊक होतं. घरातला फ्यूज उडाला तर बदलायला माझी बायको मालवणाहून जायची. पुढे सासूबाईंनीच पर्यटकांची कुरकुर ऐकून कुडाळहून एक माणूस बोलावला आणि कौलांवर सिलिकॉनची प्लेट चढवून घेतली. माझा मेहुणा बरेच दिवस त्या प्लेटीकडे, नवऱ्याने घरात सवत आणावी तसा बघत होता. खोल्यांमध्ये पंखे फिरायला लागले तेव्हाही तो अंगणात पुठ्ठ्याने वारा घेत बसायचा. घामाने निथळत, पण तत्त्वाने कोरडा.

आणि त्याचे स्वतःचे थर? ते त्याने अंगणातल्या तुळशीजवळ उन्हात मांडून ठेवले होते. त्या प्लास्टिकला उजेड आणि हवा एकदम मिळाली की ते विटतं, हे त्याला माहीत होतं. संस्थेत ते बंद पेटीत ठेवायचे. पण किती दिवसांत विटतं ते बघायचं होतं म्हणे. देवबागला एका बाजूला खाडी, एका बाजूला समुद्र, आणि हवेत इतकं मीठ की दाराच्या बिजागऱ्या दर पावसाळ्याला नव्या कराव्या लागतात. ते जांभळे तुकडे बघता बघता फिके पडले आणि शेवटी नुसत्या काचा उरल्या. ज्या उन्हासाठी ते जन्माला घातले त्या उन्हानेच त्यांना खाल्लं. मी थोडी सहानुभूती दाखवली तर म्हणाला, "मास्तर, रडू नका, ही ऑक्सिजनशी झालेली अभिक्रिया आहे."

अशा माणसाचं लग्न करायचं सासूबाईंनी ठरवलं. देवबागातल्या कोणत्याही घराने त्याला मुलगी दिली नसती, कारण तो काय करतो हे देवबागला माहीत होतं. म्हणून कसालला एक स्थळ काढलं. मुलगी रसायनशास्त्र शिकलेली, तिथल्याच एका शाळेत विज्ञान शिकवायची. सासूबाई, माझी बायको, मी आणि तो, अशी चौघं गेलो. वाटेत माझ्या बायकोने त्याला दोन गोष्टी बजावल्या: कुपी खिशातून काढायची नाही आणि कुणालाही तुमच्या आवाक्यातलं नाही असं म्हणायचं नाही. मुलगी पोह्यांचं ताट घेऊन आली. मुलीच्या वडिलांनी शिष्टाचार म्हणून, आपलं काम नेमकं काय असतं, असं विचारलं. माझ्या बायकोने डोळे मिटून घेतले.

कुपी चहाच्या कपात गेली. केशरी झाली. कपातून बाहेर आली, रुमालाने पुसली गेली, आणि तोच चहा त्याने पिऊन टाकला. मग त्याने काडेपेटी मागितली. विडी ओढतो की काय या शंकेने घरातलं वातावरण गार झालं, पण पेटी आली. त्याने पोह्यांच्या बशा एका बाजूला सरकवल्या आणि ताटात काड्या एकीला एक लावून ओळीने रचल्या. ही शिस्त. मग त्याच काड्या उचलून मुठीतून ताटात सोडल्या. हा विस्कळीतपणा. आता सांगा, उजेड कोण जास्त पिईल? हा प्रश्न त्याने नेहमीप्रमाणे उत्तर येणार नाही या खात्रीने विचारला होता. मुलगी ताटाकडे बघत उभी होती. ती म्हणाली, "पण विस्कटल्या तरी प्रत्येक काडी सरळच आहे ना?"

माझ्या मेहुण्याने तिच्याकडे बघितलं. मग ताटाकडे. मग पुन्हा तिच्याकडे. आवाक्याचं वाक्य त्याच्या तोंडून निघालं नाही. ती ताट उचलून आत गेली तरी तो ताट होतं त्या जागेकडेच बघत होता. निघताना त्याने नमस्कार केला नाही, मुलीच्या आईने दिलेल्या फणसपोळीची पिशवी तिथेच विसरला, आणि परतीच्या गाडीत सासूबाईंनी मुलीबद्दल, "चेडू कसा वाटला?" म्हणून विचारलं तेव्हा एवढंच म्हणाला, "थांब." काही दिवसांनी त्यांनी पुन्हा विचारलं, पुन्हा "थांब." सासूबाईंनी तसा निरोप कसालला पाठवला: थोडं थांबा. असल्या निरोपाचा अर्थ आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतो. एकट्या माझ्या मेहुण्याने तो शब्द खऱ्या अर्थाने वापरला होता, आणि हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नाही.

त्यानंतरचं वर्ष-दीड वर्ष त्याने आम्हाला फार छळलं. मुंबईत केलेली सगळी मोजमापं त्याच्या कॉम्प्युटरमध्ये होती आणि त्यांवर काहीतरी लांबलचक गणित चालवायचं होतं. गणित अर्धं झालं की वीज जायची. मालवणच्या भारनियमनाच्या वेळा देवबागच्या वेळांपेक्षा वेगळ्या होत्या, हे त्याने शोधून काढलं. आमच्या दुर्दैवाने तो तेव्हा अगदी बिनचूक काम करत होता. मग वीज जिकडे असेल तिकडे कॉम्प्युटर नेणं सुरू झालं. तो जुना, टीव्हीसारखा पोट सुटलेला मॉनिटर मांडीवर घेऊन, आजारी माणसाला दवाखान्यात नेतात तसा तो रिक्षातून तारकर्लीच्या रस्त्याने यायचा. खड्डा आला की रिक्षावाल्यावर ओरडायचा. सूर्यापासून वीज काढणारा माणूस विजेच्या पाठीमागे रिक्षा घेऊन धावतो आहे, ही करमणूक त्या रस्त्यावरच्या लोकांना फुकट मिळत होती, आणि त्यांनी ती मनसोक्त घेतली. आमच्या जेवणाच्या टेबलावर कॉम्प्युटर, आम्ही जमिनीवर पाट मांडून. शेवटी एक दिवस सासूबाईंनी त्याच्याकडे न बघता सांगितलं की वरच्या प्लेटीची वीज रिकाम्या खोलीत आहे, पर्यटक नाहीत, ज्याला पाहिजे त्याने वापरावी. तो सवतीकडे गेला. तिथे त्याचं गणित पुरं झालं. आपण सिलिकॉनच्या विजेवर काम केलं हे कुणालाही सांगायचं नाही, असं त्याने मला बजावलं आहे, म्हणून मी इथे सांगतो.

उत्तर सापडल्यावर तो पहिल्यांदा माझ्याकडे आला. मी सहामाहीचे पेपर तपासत होतो. त्याने पेपर बाजूला केले. "मास्तर, काड्यांचा ढीग आणि तांदळाच्या शेवयांचा, शिरवाळ्यांचा ढीग. दोन्ही ढीगच. पण शिरवाळा प्रत्येक मुरगळलेला, आणि काडी प्रत्येक ताठ. आम्ही इतकी वर्षं दोघांना एकाच शब्दाने हाक मारत होतो. विस्कळीतपणा, विस्कळीतपणा. चूक तुमच्या खात्याची आहे." त्याचे ते थर उजेड का पीत होते ते आता त्याला कळलं होतं. साखळ्या एकमेकींच्या ओळीत नव्हत्या, पण एकेक साखळी जातीचीच ताठ होती, सहजासहजी न वाकणारी. शेजारणीशी पटत नसलं तरी स्वतःच्या कण्याने उभी. पुष्कळ उजेड प्यायला तेवढं पुरतं. हे सांगताना त्याचा आवाज पहिल्यांदाच भांडल्यासारखा नव्हता. मी अभिनंदन केलं. तो म्हणाला, "अजून कुणाला सांगू नका. आधी कसालला जायचं."

माझ्या स्कूटरवरून गेलो. त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता, आणि तो शर्ट माझा होता. त्या मुलीच्या शाळेची मधली सुट्टी चालू होती. बाई आम्हाला बघून व्हरांड्यात आल्या आणि ओळख पटल्यावर हसून म्हणाल्या, काडेपेटीवाले ना. त्यांच्या गळ्यात मंगळसूत्र होतं. मला ते फाटकातूनच दिसलं. माझ्या मेहुण्याला नाही दिसलं, कारण तो बोलायला लागला होता. त्याने बाकावर बसून सुट्टी संपेपर्यंत त्यांना सगळं सांगितलं: कुठले थर, कसलं गणित, कुठे अडलं, त्यांच्या एका वाक्याने कसं सुटलं. मी त्याचं सांगणं शेकडो वेळा ऐकलं आहे. इतकं नीट सांगितलेलं कधीच नव्हतं. एकही शब्द टाकून बोललेला नव्हता. बाई डबा तसाच ठेवून ऐकत होत्या. मध्ये दोन ठिकाणी त्यांनी विचारलं, त्याने न चिडता उत्तर दिलं. सांगून झाल्यावर नेहमीसारखं त्याने त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. त्यांना कळलं होतं. पण त्या जरा ओशाळून म्हणाल्या की असं काही आपण बोललो होतो हे त्यांना मुळीच आठवत नाही. त्यांना आठवत होतं ते इतकंच, की पोह्यांना काड्यांचा गुल लागेल म्हणून आई दाराआडून ताट उचल, ताट उचल अशा खुणा करत होती, आणि ताट उचलायच्या आधी काहीतरी बोलायला हवं म्हणून त्या जे समोर दिसलं ते बोलल्या असतील.

"आम्ही बरेच दिवस वाट बघितली," त्या म्हणाल्या. "मग बाबा म्हणाले, थांबा म्हणजे नाहीच."

घंटा झाली. त्यांनी आम्हाला थांबायला सांगितलं नाही. जाता जाता मात्र वळून म्हणाल्या, "उत्तर चांगलं आहे हो. मुलांना सांगेन मी."

वाटेत कट्टा गावच्या बाजारात मी पेट्रोलसाठी थांबलो तर तो उतरला आणि स्कूटरच्या मागच्या सीटकडे बघत उभा राहिला. तो घरातसुद्धा पुस्तकी मराठी बोलायचा, आईशीही. त्यावरून सासूबाई दुखावलेल्या असायच्या. त्या दिवशी तो म्हणाला, "तेचा लगीन झाला."

मी हो म्हटलं.

"माका वाटला, उत्तर गावला की मगे जावया. उत्तराशिवाय कसा जावचा?"

मी पेट्रोल भरून घेतलं. पुढे मालवण येईपर्यंत त्याचा एक हात माझ्या खांद्यावर होता. एरवी तो मागचा दांडा धरून बसायचा, कारण माझं चालवणं त्याला बेभरवशाचं वाटायचं.

त्यानंतर तो मुंबईला गेला. जुने गुरुजी निवृत्त झाले होते, दुसऱ्या एका मार्गदर्शक बाईंनी त्याला पदरात घेतलं, आणि दोन हजार नऊ साली तो मार्च खरोखरच उजाडला. तोंडी परीक्षेला घरातलं कुणीतरी समोर असावं, म्हणजे तो भांडणार नाही, असं सासूबाईंचं मत होतं. म्हणून मी गेलो. सभागृहात निवृत्त गुरुजीही येऊन मागच्या रांगेत बसले होते. तो उत्तम बोलला. परीक्षकांनी शेवटी विचारलं की साखळ्यांची रचना आणि साखळीचा ताठपणा हे दोन वेगळे मोजायचे, ही कल्पना मुळात कशावरून सुचली. त्याने सांगितलं, "कसालला एका शिक्षिकेने विचारलं. त्या पोहे घेऊन आल्या होत्या." सभागृह हसलं. विनोदाने समारोप केला असं सगळ्यांना वाटलं. तो हसला नाही. हसणं ओसरेपर्यंत उभा राहिला आणि तेच वाक्य, त्याच शब्दांत पुन्हा म्हणाला. दुसऱ्यांदा कुणी हसलं नाही. बाहेर पडताना गुरुजींनी त्याला गाठून विचारलं, हे मला तेव्हा का नाही सांगितलंस. मला धडकी भरली. पण तो म्हणाला, "तेव्हा मला माहीत नव्हतं, सर." आणि वाकून नमस्कार केला. गुरुजी गडबडले. मीही.

आता तो जर्मनीत आहे. तिकडे सूर्य कमी, त्यामुळे सूर्यावर संशोधन जास्त, असं त्याचं स्पष्टीकरण आहे. लग्न केलेलं नाही, विषय काढला की फोन कट होतो. लाईन खराब आहे म्हणतो. दर रविवारी आईला फोन करतो आणि तिकडे थंडी किती आहे ते सांगतो. आईशी आता मालवणीत बोलतो. सासूबाईंना हे आवडलं आहे, पण थंडीपलीकडे तो काही सांगत नाही ही त्यांची तक्रार आहे. कदाचित आता तिकडे त्याला ऐकणारी माणसं मिळाली असतील. दिवसभर सांगून झाल्यावर आईसाठी काही उरत नसेल.

मागच्या रविवारी आम्ही देवबागला गेलो होतो. सासूबाई पडवीत सुकी सुंगटं, म्हणजे कोळंबी, निवडत बसल्या होत्या. फोन नुकताच येऊन गेला होता. त्या मला म्हणाल्या की तो तिकडे नेमकं काय करतो ते एकदा सांगा. मी सांगितलं. साखळ्या, अंगण, कुंपणं, तांबडा उजेड, निळा उजेड, सगळं सोपं करून, वर्गात सांगतो तसं सांगितलं. त्यांनी एकदाही मध्ये लाईट कुठे आहे असं विचारलं नाही. संपल्यावर त्यांनी हातातल्या सुंगटाचं डोकं मोडलं.

"तुमी बरा सांगतास, मास्तरांनू," त्या म्हणाल्या. "कळता पण. पण तो रागान सांगी."

मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, जरा आवाज चढवून.